सुनीतावहिनींचा राजीनामा

‘माझी बायको नोकरी सोडणार आहे,’ प्रकाशराव म्हणाले आणि त्यांनी टाइप केलेला एक कागद माझ्या टेबलावर सरकवला. चेहरा असा, की पहिला नंबर आलेला मुलगा प्रगतिपुस्तक दाखवतोय.

कागद म्हणजे त्यांचं स्टेटमेंट होतं. फलटणला एकट्या राहणाऱ्या आईला कायमचं इकडे हाउन्सलोला आणायचं, त्या अर्जाला जोडायचं निवेदन. त्यातला एक परिच्छेद त्यांनी मुद्दाम ठळक केला होता. ‘माझ्या आईच्या सेवेसाठी माझी पत्नी सुनीता नोकरीचा राजीनामा देईल आणि पूर्ण वेळ घरी राहील.’

‘कसं वाटलं?’ त्यांनी विचारलं.

‘सत्कारात वाचून दाखवायला छान आहे,’ मी म्हटलं. ‘व्हिसा ऑफिसरला पाठवायला नाही.’

त्यांना वाटलं माझं काहीतरी चुकतंय. बहुतेकांना तसंच वाटतं.

मी इमिग्रेशन केसवर्कर आहे. आमचं ऑफिस एका गालिच्यांच्या दुकानाच्या वर आहे, जिना अरुंद आहे, आणि हीटिंग लावलं की सगळ्या फायलींना लोकरीचा वास येतो. माझे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. झाले, मग एलएल.बी. झाले, आणि इथे आल्यावर इथल्या सल्लागारांच्या परीक्षा परत पहिल्यापासून दिल्या. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. कोणी ‘ओळखीत कोणी सांगितलं की असं चालतं’ म्हणायला लागलं, की मी नुसती त्या फ्रेमकडे बघते.

प्रकाशराव ‘ओळखीत’वालेच होते. तीस वर्षं इथे. आधी एअरपोर्टवर कार्गोत, मग स्वतःचं केटरिंग. हाउन्सलोपासून वॉटफर्डपर्यंत कुठेही मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की श्रीखंड-पुरी त्यांची. माणूस मनाने चांगला, आवाज मोठा, आणि आईवर जीव. एकुलते एक. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. आईला पार्किन्सन्स. उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, सगळं दुसऱ्याने करायचं.

आता कायदा थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

ब्रिटिश नागरिकाला म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं इथे आणता येतं. ह्या वाटेला ‘अॅडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह’ म्हणतात. अर्ज तिकडूनच करायचा, आणि मिळाला तर थेट कायमचा राहायचा हक्क मिळतो. पण दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक म्हणजे, रोजची कामं त्यांना स्वतःला जमत नाहीत आणि ती करणारं माणूस तिकडे पैसे मोजूनही मिळत नाही. बहुतेक अर्ज इथेच पडतात, कारण ऑफिसर म्हणतो, पाठवा पैसे, ठेवा बाई. दुसरी म्हणजे, इथे आल्यावर त्यांचं खाणंपिणं, राहणं आणि शुश्रूषा मुलगा करेल, सरकारी भत्त्याला हात न लावता. हे नुसतं म्हणून भागत नाही. पाच वर्षांच्या हमीवर सही करावी लागते. तिला ‘अंडरटेकिंग’ म्हणतात. ह्या काळात आईच्या नावावर कोणी भत्ता घेतला, तर सरकार ते पैसे मुलाकडे मागू शकतं.

गंमत अशी, की पहिला अवघड भाग प्रकाशरावांचा पक्का होता. फलटणला ठेवलेल्या बायका एकामागून एक सोडून गेल्या होत्या. पुण्याच्या एजन्सीने लेखी कळवलं होतं की राहायला माणूस आम्ही शहराबाहेर देत नाही. जवळच्या वृद्धाश्रमाने सांगितलं होतं की अंथरुणावरचा पेशंट आम्ही घेत नाही. डॉक्टरांची पत्रं होती. माझी बॉस ग्रेस हे सगळं बघून म्हणाली होती, ‘इतकी चांगली फाइल मी खूप दिवसांनी बघतेय.’

आणि मग दुसऱ्या, सोप्या भागात हा राजीनामा.

‘प्रकाशराव, वहिनींच्या पेस्लिप्स कुठे आहेत?’

‘तिच्या कशाला? स्पॉन्सर मी आहे. आई माझी आहे.’

‘तरी घरातलं सगळं उत्पन्न मला दिसायला हवं.’

‘तिचं किरकोळ आहे हो, ताई. वेअरहाउसमध्ये जाते. घरात बसून कंटाळा येतो म्हणून.’

मी म्हटलं, किरकोळ तर किरकोळ, आणा. त्यांचे धंद्याचे अकाउंट्स मात्र त्यांनी आणले होते. ते घेऊन मी हिशेबाला बसले.

ऑफिसर बघतो ते असं. घरात महिन्याला हातात किती येतं? त्यातून घराचा हप्ता आणि कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, वजा करा. उरलं ते, आई धरून तेवढ्या माणसांच्या कुटुंबाला सरकार जगायला जे किमान देतं, त्यापेक्षा कमी नको. ह्याला ‘अॅडिक्वेट मेंटेनन्स’ म्हणतात. श्रीमंत असायची अट नाही. पण कागदावर तेवढं दिसायला हवं.

कागदावर प्रकाशराव जेमतेम स्वतःचं भागवत होते.

मी अकाउंट्स ग्रेसला दाखवले. ग्रेस मूळची घानाची, बोलायला सरळ. तिने चष्मा वर केला.

‘हाच ना तो, दिवाळीला चारशे पानं उठतात म्हणणारा?’

‘हाच.’

‘कमावत असेल, तर टॅक्सवाल्यांना का नाही सांगितलं? आणि कमावत नसेल, तर आपल्याला का सांगतो? विचार त्याला. जपून विचार.’

मी फोन करून जपूनच विचारलं. पलीकडे तेलाची कढई चुरचुरत होती.

‘चारशे पानं उठतात हे खरं आहे, ताई. पण व्हॅनचा हप्ता, किचनचं भाडं, तेल, तूप, दोन माणसांचा पगार. मागे उरतं काय?’

‘म्हणजे हे अकाउंट्स खरे आहेत?’

‘एकदम खरे. म्हणून तर कोणाला दाखवत नाही.’

मला हसू आलं, पण बरंही वाटलं. खोटे अकाउंट्स असते तर मला फाइल बंद करावी लागली असती.

पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावलं. प्रकाशराव जाकीट घालून आले. सुनीतावहिनी शिफ्टवरून सरळ आल्या, अंगात पिवळं चकाकतं हाय-व्हिज जाकीट, पायात लोखंडी टोकाचे बूट. खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून पेस्लिप्सचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. तारीखवार, पिन लावून.

मी वरची उघडली. मग खालची. मग प्रकाशरावांकडे बघितलं.

‘वहिनी, तुम्ही तिथे काय करता?’

‘शिफ्ट सुपरवायझर आहे. पॅकिंगला लागले होते, आता सत्तावीस माणसं आहेत हाताखाली.’

‘किती दिवस झाले सुपरवायझर होऊन?’

‘चौथं वर्ष.’

प्रकाशराव म्हणाले, ‘सुपरवायझर म्हणजे नावाला हो. ते आपलं त्यांच्यात म्हणतात.’

‘प्रकाशराव,’ मी म्हटलं, ‘तुमचा हप्ता, कौन्सिल टॅक्स आणि किराणा ह्या पगारातून जातो. तुमच्या धंद्यातून जातं ते तेल आणि तूप. ह्यांनी राजीनामा दिला, की तुमच्या घराचं उत्पन्न ऑफिसरच्या किमानपेक्षा खाली येतं. तुमचं ते ठळक केलेलं वाक्य आहे ना, त्या एका वाक्यावर अर्ज नाकारला जाईल. फी परत मिळत नाही.’

ते कागदाकडे बघत राहिले. मग बायकोकडे.

‘पण असं ठरलंय,’ ते म्हणाले.

‘कोणी ठरवलं?’ वहिनींनी विचारलं.

‘अगं, तूच म्हणालीस ना, आईंना आणू या म्हणून!’

‘आणू या म्हणाले. सोडते म्हणाले का? तुम्ही आणि फलटणचे काका फोनवर बोलत होतात, मी कुकर लावत होते. काका म्हणाले, सून आहे की. तुम्ही म्हणालात, हो, आहे की. झालं ठरवून. मला ह्या राजीनाम्याचं ह्यांच्या प्रिंटरवर कळलं, ताई.’

मराठी घरांत हे वाक्य इतकं सहज येतं की ते लिहिताना कोणाचा हात थांबत नाही. म्हातारं माणूस आलं की सून घरी राहते. त्याला खर्च धरतच नाहीत. इथला ऑफिसर मात्र धरतो. त्याच्या दृष्टीने नोकरी सोडलेली सून म्हणजे गेलेला पगार.

प्रकाशरावांनी तोपर्यंत वाट शोधली होती. आवाज बारीक करून म्हणाले, ‘ताई, मग असं करू. आत्ता लिहू की ही नोकरी चालू ठेवणार. व्हिसा आला की मग सोडेल. कोण येतंय बघायला?’

‘मी बघतेय ना.’

‘तुम्ही आपल्याच आहात.’

‘म्हणूनच सांगते. हे खोटं लिहिणं झालं. तुम्ही सही करणार आणि मी ते पाठवणार. उघडकीला आलं तर आईंचा राहायचा हक्क जाईल. आणि माझं हे,’ मी भिंतीकडे हात केला, ‘हे खाली उतरवावं लागेल. ते लावायला आमच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्यात. नाही लिहिणार.’

‘मग आईकडे बघणार कोण?’ आता त्यांचा आवाज खरंच घाबरलेला होता. ‘ही कामावर, मी धंद्यावर. आई एकटी घरात?’

हाच खरा प्रश्न होता. आणि तो अर्जातही लिहावा लागतो. कोण उठवणार, कोण आंघोळ घालणार, कधी, आणि पैसे देऊन कोणी लावणार असाल तर ते कुठून येणार. हमी तुमची आहे, तेव्हा उत्तरही तुमच्याकडे हवं.

वहिनींनी टेबलावरचा माझा हिशेबाचा कागद स्वतःकडे वळवला. सत्तावीस माणसांचे रोटा, म्हणजे पाळ्यांचे तक्ते, लावणारी बाई ती. बोट फिरवत वाचला.

‘ताई, ह्यांनी धंदा कमी केला तर? नुसते शनिवार-रविवारचे कार्यक्रम घेतले तर?’

मी आकडे बदलून बघितलं. ‘थोडं कमी होईल. पण बसतं. तुमचा पगार चालू राहिला तर बसतं.’

‘मग झालं की. कागदावर ह्यांचा धंदा इतकाच आहे, तर घरी हेच परवडतात.’

प्रकाशराव उठून उभेच राहिले. ‘म्हणजे मी घरी बसू?’

‘बसायला कुठे मिळणार आहे?’ वहिनी म्हणाल्या. ‘आईंना दर दोन तासांनी उठवावं लागतं.’

‘पुरुष माणूस... आईला... लोक काय म्हणतील, सुनीता? मंडळात तोंड कसं दाखवू?’

‘मंडळात तुम्ही पुऱ्या तळता. ते चालतं लोकांना.’

ते गेले खाली निघून. अरुंद जिन्यावर त्यांचे पाय बराच वेळ वाजत होते. वहिनी शांतपणे पेस्लिप्स परत पिन करत होत्या.

‘रागावले का?’ मी विचारलं.

‘राग नाही हो. घाबरलेत. आईंना त्यांनी कधी आजारी म्हणून बघितलंच नाहीये. दर वर्षी जातात, दोन आठवडे. तेवढे दिवस आई बाईकडून सगळं आवरून घेऊन बसतात, ह्यांना काही दिसू देत नाहीत.’ मग गठ्ठा पिशवीत ठेवत म्हणाल्या, ‘मी करीन, ताई, माझ्या वाट्याचं. शिफ्टच्या आधी करीन, आल्यावर करीन. माझाही जीव आहे त्यांच्यावर. पण मला ते पिवळं जाकीट काढायचं नाहीये.’

त्यानंतर बरेच दिवस फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. ग्रेस म्हणाली, क्लायंट गेला समज. फाइल मी कपाटात ठेवली, पण वरच्या खणात.

मग एके दिवशी फोन वाजला. नंबर इंडियाचा.

‘ताई, प्रकाश बोलतोय. फलटणहून.’

झालं होतं असं, की होती ती शेवटची बाईसुद्धा न सांगता गेली होती. सकाळी दूधवाल्याला दार उघडं दिसलं आणि आई कशाबशा सरपटत जाऊन न्हाणीच्या उंबऱ्याशी पडलेल्या. हाड मोडलं नव्हतं, नशीब. प्रकाशराव मिळेल त्या विमानाने गेले होते. काकांनी ‘बघतो कोणीतरी’ म्हटलं होतं, आणि ते अजून बघतच होते. तोवर सगळं प्रकाशराव एकटे करत होते.

‘ताई, साधं ब्लाउजचं हुक लावायचं तर माझा घाम निघतो. भरवायला बसलो तर एक भाकरी तासभर पुरते. पहिल्या दिवशी आई लाजून रडली, मग मी रडलो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अरे, पाणी फार कढत आहे. बस, तेव्हापासून चाललंय.’

‘तुम्ही ठीक आहात ना?’

‘कंबर गेलीय. पण ऐका. ते लिहा.’

‘काय लिहू?’

‘की मी बघणार आहे. आईला. दिवसा मी, बाकी सुनीता. आंघोळीला सकाळी एक बाई लावू, शेजारी एक आहे केअरर, तिला विचारलंय सुनीताने. धंदा फक्त वीकेंडचा. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि ते ठळक वाक्य काढा.’

‘ते केव्हाच काढलंय.’

नवं स्टेटमेंट मी लिहिलं, पण माझं त्यात टायपिंगच जास्त. कोण कधी काय करणार ते वहिनींनी रोटासारखं मांडून दिलं होतं. केअररचा खर्च हिशेबात धरला. त्यांच्या घरातली खालची पुढची खोली आईंची, संडास-बाथरूम तिथेच, त्याचा इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडला. वीकेंडच्या धंद्याचे आकडे अकाउंटंटकडून नव्याने घेतले. हप्ता आणि टॅक्स वजा जाऊन उरलेली रक्कम किमानच्या वर होती. फार वर नव्हती. ग्रेसने दोनदा तपासली, मग सही केली.

अंडरटेकिंगवर सही प्रकाशरावांनी फलटणलाच केली, वहिनी आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, ‘पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं?’

‘पाच वर्षं.’

‘आणि तिने सही नाही करायची?’

‘कायद्याने तुमची. आई तुमची आहे.’

‘हं,’ ते म्हणाले. ‘पगार तिचा आणि सही माझी.’

‘चालायचंच,’ वहिनी म्हणाल्या. ‘घराच्या पाटीवरपण तुमचंच नाव आहे.’

बोटांचे ठसे द्यायला आईंना गाडीतून झोपवून पुण्याला न्यावं लागलं. मग वाट बघणं. ह्या अर्जांत वाट बघण्याला इलाज नसतो. प्रकाशराव तेवढा काळ फलटणलाच राहिले आणि वहिनी इथे डबल शिफ्ट करत राहिल्या, कारण वीकेंडचे कार्यक्रमही बुडत होते. वहिनी मला कधी फोन करून ‘काही आलं का’ विचारायच्या. मी नाही म्हणायचे. त्या ‘बरं’ म्हणायच्या, आणि मागून कोणीतरी त्यांना हाक मारून ट्रॉली कुठे लावायची ते विचारत असायचं.

व्हिसा मिळाला. कायमचा. एकही प्रश्न न विचारता.

आई आल्यावर थोड्याच दिवसांनी प्रकाशरावांचा घाईघाईत फोन. शेजारची एक भली म्हातारी त्यांना भेटायला आली होती, आणि जाताना सांगून गेली की अहो, अशा आजाऱ्यांना सरकार भत्ता देतं, माझ्या नवऱ्याला मिळायचा, मी फॉर्म आणून देते.

‘घेऊ का, ताई? केअररचं तरी निघेल.’

‘नाही.’

‘म्हातारी म्हणते सगळ्यांना मिळतो.’

‘तिच्या नवऱ्यासाठी कोणी पाच वर्षांची सही केली नव्हती. तुम्ही केलीय.’

‘बरं,’ ते म्हणाले. ‘मग एक साखरपुडा आलाय शनिवारचा, तो घेतो.’

मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा आई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, शाल पांघरून. बोलायला वेळ लागतो त्यांना, पण शब्द पक्के असतात. प्रकाशराव मऊ भात कालवत होते. आईंनी माझ्याकडे बघून हळूहळू सांगितलं, ‘सून... कामाला जाते. हा... माझं करतो.’ मग बराच वेळ घेऊन, ‘भात... अजून... गिचका करतो.’

‘उद्या सुधारतो,’ प्रकाशराव म्हणाले.

वहिनी हाय-व्हिज घालून जिन्यावरून खाली आल्या, सासूबाईंची उशी सरळ केली, नवऱ्याला ‘चारच्या गोळीचं विसरू नका’ म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

त्या केसनंतर मी एक पद्धत ठेवली आहे. आईवडिलांना आणायचं म्हणून कोणी फोन केला, की पहिल्याच मीटिंगला मी बायकोलाही बोलावते, आणि येताना तिच्या पेस्लिप्स आणायला सांगते. नवरे हमखास विचारतात, ‘तिला कशाला? ती कामावर असते.’

मी म्हणते, म्हणूनच.